वर राहिलेलं पाणी

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून जवळजवळ महिनाभर मी रोज सकाळी बाथरूमच्या दाराबाहेर उभी राहून माझ्या सुनेच्या आंघोळीची मिनिटं मोजत होते. आधी मी हे वाक्य 'लक्ष ठेवत होते' असं लिहिलं होतं. मग ते खोडलं. मी मोजतच होते. हातात केरसुणी नाहीतर दुधाचं पातेलं असायचं, म्हणजे कुणी पाहिलंच तर मी कामात आहे असं वाटावं. समोरच्या भिंतीवर घड्याळ आहे. आत नळ सुटल्याचा आवाज आला की माझी नजर काट्यावर जायची.

जुळे सोलापुरात आमचं घर आहे. घरात मी, हे आणि सून. मुलगा पुण्याला नोकरीला. शनिवारी रात्री येतो, सोमवारी पहाटे जातो. सून एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. उपाशीपोटी रक्त द्यायला येणारे लोक सकाळी लवकर येतात, म्हणून तिला सातला घर सोडावं लागतं. त्यामुळे पहिली आंघोळ तिची, मग ह्यांची, शेवटी माझी. बाथरूममध्ये पंचवीस लिटरचा गिझर आहे. ती आंघोळ करून बाहेर आली आणि हे आत गेले की बादली अर्धी होते न होते तोच पाणी कोमट व्हायचं, मग गार. ह्यांची सत्तरी जवळ आलेली, थंडीत छाती भरून येते. ते काही बोलायचे नाहीत. टॉवेल खांद्यावर घेऊन गच्चीवर उन्हात जाऊन बसायचे. त्यांचं ते बसणं बघून माझ्या डोक्यात एकच उत्तर तयार व्हायचं : ही सगळं पाणी संपवते.

हे उत्तर मी शोधलेलं नव्हतं. ते गिझर बिघडायच्या आधीपासून माझ्याकडे होतं. लग्न ठरलं त्याच दिवशी मी ते तयार ठेवलं होतं.

माझं माहेर मंगळवेढा तालुक्यातलं. ज्वारीचं रान, काळी माती, आणि पाऊस आला तर आला. आमच्या जिल्ह्यात वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही कुठे पडेल याचा नेम नाही. दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठार उघडलं ती गोष्ट आमच्याकडे गोष्ट म्हणून सांगत नाहीत, घरातल्या आठवणीसारखी सांगतात. 1972 चा दुष्काळ आला तेव्हा मी आठ वर्षांची होते. खडी फोडायच्या कामावर आई जायची, मी धाकट्या भावाला घेऊन सावलीत बसायची. सुकडी खाल्ली, लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या. पण माझ्या मनात पक्कं बसलंय ते विहिरीचं चित्र. तळाला एक खड्डा उरला होता. एक बाई खाली उतरून वाटीने पाणी घागरीत भरायची, वरच्या बायका आपली पाळी येईपर्यंत कठड्याला टेकून बसायच्या. घागर भरायला तास लागायचा. वर येताना ती बाई घागरीकडे अशी बघायची की जणू तान्हं मूल आहे. तेव्हापासून नळ वाहता दिसला की माझ्या छातीत काहीतरी होतं. आज घरात दोन टाक्या आणि हौद असूनही होतं.

सोलापुरात आजही महापालिकेचं पाणी रोज येत नाही. चार-पाच दिवसांनी येतं, ते हौदात साठवायचं आणि पुरवायचं. या शहरातल्या लोकांना उजनीत किती टक्के पाणी आहे ते तोंडपाठ असतं. धरण प्लसमध्ये आहे की मायनसमध्ये गेलं, हे भाजी घेतानाही बोलतात. अशा गावात, अशा घरात, मुलाने रत्नागिरी जिल्ह्यातली मुलगी पसंत केली. लांजा तालुक्यातली एक वाडी. आम्ही मुलगी बघायला श्रावणात गेलो होतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पाणी वाहत होतं, डोंगरावरून पडत होतं, अंगणात पायरीपर्यंत आलं होतं. तिकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. परतताना एसटीत मी ह्यांना म्हटलं, "हिला पाण्याची किंमत कुठून असणार?" हे झोपले होते. ते वाक्य मी माझ्याशीच बोलले आणि जपून ठेवलं.

मुलगी चांगली होती. कामाला चपळ, बोलायला मोकळी. शेंगाचटणी कुटायला शिकली, कडक भाकरी तिला आवडायला लागली. ते सगळं मी पाहिलं आणि मान्यही केलं. फक्त पाण्याच्या बाबतीत तिची बाजू ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती. ती भांडी घासताना नळ सुरू ठेवते का, तांदूळ धुतलेलं पाणी कुंडीत घालते की मोरीत ओतते, हे मी बघायची. ती घालायची कुंडीतच. मला वाटायचं, मी बघतेय म्हणून घालते.

गिझरचं असं व्हायला लागलं तेव्हा तिने मला दोनदा सांगितलं होतं. पहिल्यांदा दिवाळीच्या आधी. "आई, गिझरमधून आवाज येतो. भात शिजताना येतो तसा, खदखद." मी म्हटलं, पाणी तापताना आवाज येणारच. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "पहिली बादली चांगली येते, मग एकदम पडतं. दाखवून घेऊ या का कुणाला?" यावर मी जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. म्हटलं, "यंत्राला नाव ठेवून काय होणार, वापरच जास्त झाला तर." ती गप्प झाली. मी त्या गप्प होण्याचा अर्थ कबुली असा घेतला.

माझ्याकडे दुसरा पुरावाही होता, तो मी स्वतःच पाहिला होता. भाऊबीजेला ती माहेरी गेली ती आठ दिवसांनी आली. त्या आठ दिवसांत घरात आम्ही दोघंच. तरीही ह्यांची आंघोळ झाली की मला गार पाणी मिळायचं. हे मी पाहिलं, अंगावर घेतलं, आणि काय म्हटलं मनाशी? थंडी वाढलीय. ज्या गोष्टीसाठी ती घरात असताना मी तिला दोषी धरत होते, तीच गोष्ट ती घरात नसताना घडली, तर मी हवेला दोष दिला. चौतीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. पोरांना सांगत आले की आधी निरीक्षण, मग अनुमान. घरात मात्र मी अनुमान आधी लिहून ठेवलं होतं आणि निरीक्षण त्याला जुळेल तेवढंच घेत होते.

डिसेंबरमध्ये थंडी पडली तसं मी तिला सांगितलं की तू शेवटी आंघोळ करत जा, नाहीतर लवकर आटप. शेवटी करणं तिला कामामुळे शक्य नव्हतं. ती लवकर आटपायला लागली. दहा मिनिटांचे आठ झाले, आठाचे सहा झाले, सहाचे चार. गिझरचं बटण बाथरूमच्या बाहेर आहे. एका सकाळी मी नेहमीप्रमाणे दाराशी उभी होते आणि माझं लक्ष बटणाकडे गेलं. ते बंद होतं, लाल दिवा विझलेला होता. आत पाण्याचा आवाज येत होता. तिने गिझर लावलाच नव्हता. ती गार पाण्याने आंघोळ करत होती.

त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगायलाच मी हे लिहायला बसले आहे. मला बरं वाटलं. 'आता कळलं वाटतं,' असं मी मनात म्हटलं आणि स्वयंपाकघरात गेले. ती बाहेर आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. मी चहाचा कप पुढे केला. तिने दोन्ही हातांनी धरून घेतला. मी काही बोलले नाही.

याच्यापुढचं अजून वाईट आहे. ती गार पाण्याने आंघोळ करायला लागली तरी पाणी संपायचं थांबलं नाही. हे पहिले जायचे, मला गारच मिळायचं. इतकं सरळ उदाहरण चौथीतल्या पोरानेही सोडवलं असतं. मी मात्र नवा संशय काढला : ही दुपारी आल्यावर कपड्यांना गरम पाणी घेत असेल.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेसाठी माझी नणंद आली. सिद्धेश्वराच्या यात्रेला ती दरवर्षी येते, भोगीच्या अक्षता सोहळ्यापासून चार दिवस राहते. रात्री आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसलो होतो. तिने सहज विचारलं, सून कशी आहे. मी सगळं सांगितलं. मिनिटं सांगितली. शेवटी म्हटलं, "कोकणातली आहे ना वन्सं, पाण्याची किंमत कुठली!" मागे वळले तर सून दारात उभी. हातात पाण्याची रिकामी बाटली होती. तिने ती भरली, झाकण लावलं आणि गेली. नणंदेने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "ऐकलं तर ऐकलं, खरं तेच बोलले."

त्याच आठवड्यात रविवारी मी गिझरवाल्याला बोलावलं. मुलगा घरी होता, त्याने आदल्या रात्री विषय काढला होता की आई, एकदा दाखवून घे. मी तयार झाले. पण मी त्याला गिझर दुरुस्त करायला बोलावत नव्हते. गिझर ठणठणीत आहे असं परक्याच्या तोंडून सगळ्यांसमोर ऐकायचं होतं, म्हणजे विषय संपला असता. मी साक्षीदार बोलावला होता.

आलेला मुलगा पंचवीस-सव्वीस वर्षांचा, पूर्व भागातला, तेलुगू घरातला. वडील टॉवेलच्या मागावर काम करायचे, असं बोलता बोलता त्याने सांगितलं. त्याने गिझरला हातही लावला नाही, आधी मला विचारलं, "काकू, पाणी पहिल्यापासून कोमट येतं, का आधी कढत येतं आणि मग पडतं?" मी म्हटलं, कढत येतं पण लवकर संपतं. आणि सून ऐकेल अशा आवाजात पुढे जोडलं, "वापर जास्त आहे." त्याने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "पहिल्यापासून कोमट असतं तर कॉईल नाहीतर थर्मोस्टॅट बघितला असता," तो म्हणाला. "एकदा पाणी संपल्यावर दिवा परत विझायला किती वेळ लागतो?" मी म्हटलं, दहा मिनिटं. हे मी अभिमानाने सांगितलं, कारण मला वाटत होतं की गिझर इतका जोरदार आहे की दहा मिनिटांत पाणी तयार. तो थांबला. "दहा मिनिटं कशी काकू? दोन हजार वॅटची कॉईल आहे. पंचवीस लिटर गार पाणी तापायला अर्धा तास पाहिजे. दहा मिनिटांत दिवा जातो म्हणजे आत थोडंच पाणी गार होतंय."

मला तेव्हाही कळलं नाही.

त्याने बटण लावलं. अर्धा तास आम्ही बसलो, त्याने चहा घेतला. दिवा विझला तसा त्याने रिकामी बादली नळाखाली ठेवली आणि फक्त गरम पाणी सोडलं. वाफा येत होत्या. बादली निम्मी झाली असेल नसेल, त्याने बोट घातलं, म्हणाला, पडलं. मीही बोट घातलं. धारेचं पाणी कोमट होतं. "हे झालं सात-आठ लिटर," तो म्हणाला. "बाकीचं कुठे गेलं?"

"संपलं की," मी म्हटलं.

"संपेल कसं? टाकी कायम भरलेलीच असते. गार आत गेल्याशिवाय गरम बाहेर येतच नाही."

त्याने मेन स्विच बंद केला, वरून येणारा कॉक बंद केला, गरम पाण्याचा नळ उघडाच ठेवला आणि पाना घेऊन गिझरच्या तळाचा गार पाण्याचा जोड सैल करायला लागला. खाली दोन बादल्या मांडल्या. सून एव्हाना दाराशी येऊन उभी राहिली होती, मुलगा तिच्या मागे. जोड सुटला. पाणी पडायला लागलं. हात लावून पाहिलं, गार. अर्धी बादली गार पाणी आलं. मला वाटलं, झालं, मी म्हणत होते तेच. आणि तेवढ्यात तो म्हणाला, "काकू, हात मागे घ्या."

धार तीच होती, बारीक, मनगटाएवढीही नाही. पण तिच्यातून वाफ निघायला लागली. आधी थोडी, मग इतकी की समोरचा आरसा धुरकट झाला. बादलीत पडताना त्या पाण्याचा आवाजसुद्धा बदलला, भरीव झाला. एक बादली भरली. त्याने पायाने ती सरकवून दुसरी पुढे घेतली. तिच्यातही तेच. कढत, हात लावता येणार नाही असं पाणी. नळाने 'संपलं' म्हणून सांगितल्यावरचं हे पाणी. पंचवीसातलं सतरा लिटर वर तसंच बसून होतं. रोज सकाळी बसून होतं. ती दार लावून गार पाणी अंगावर घेत होती तेव्हा, मी बाहेर घड्याळ बघत होते तेव्हा, हे गच्चीवर उन्हात जाऊन बसले तेव्हा, ते पाणी आमच्या डोक्याच्या वर हातभर उंचीवर होतं आणि कुणालाच मिळत नव्हतं.

बाथरूममध्ये आम्ही चौघं होतो. कुणी काही बोललं नाही. पाणी पडायचं थांबलं, दोन बादल्यांतून वाफ येत राहिली. मला सुनेकडे बघायचं होतं आणि मान वळत नव्हती. मी बादल्यांकडेच बघत राहिले. बोलायला हवं होतं, तिथल्या तिथे. चार शब्द पुरले असते. मी त्या मुलाला विचारलं, "किती होतील दुरुस्तीचे?"

त्याने खालची पट्टी उघडली. कॉईल बाहेर आली ती ओळखू येईना. पांढऱ्या दगडाचा जाड थर तिच्यावर चढला होता, भट्टीतून काढलेल्या चुनखडीसारखा. टाकीच्या तळातून हाताने त्याने खपल्या काढल्या, अर्धं घमेलं भरलं. आवाज या थरातूनच यायचा, म्हणाला. थराच्या आत अडकलेलं पाणी उकळतं आणि खदखदतं. भात शिजताना येतो तसा. तिने वापरलेले शब्द मला तिच्याच आवाजात ऐकू आले. मग त्याने आतली नळी काढली. गरम पाणी नेहमी वर जमतं, म्हणून ते घेऊन येणारी नळी टाकीत थेट वरपर्यंत गेलेली असते. गार पाणी तळाशी सोडतात. आमची नळी तळापासून सहा-सात बोटांवर तुटून पडली होती. म्हणजे नळाला फक्त तळातलं पाणी मिळत होतं. ते चटकन निघून जायचं, खालून आलेलं गार त्याच्या मागोमाग नळीत शिरायचं.

हे समजायला मला त्याची गरज नव्हती. आमच्या मंगळवेढ्याच्या घरात तांब्याचा बंब होता. मधोमध धुराडं, त्यात तुराट्या आणि बंबफोड. एका बाजूला नसराळ्यासारखं तोंड होतं, त्यातून ओतलेलं गार पाणी नळीने तळाला जायचं आणि तेवढंच गरम पाणी दुसऱ्या बाजूच्या वरच्या तोटीतून बाहेर पडायचं. तांब्याभर गार द्यायचं, तांब्याभर गरम घ्यायचं. आठव्या वर्षी मी तो बंब पेटवत होते, चिंचेने घासत होते. गिझर म्हणजे भिंतीवर टांगलेला बंबच. मला हे माहीत होतं. आणि उजनीचं तर अख्ख्या सोलापूरला माहीत आहे. धरणात एकूण 117 टीएमसी पाणी मावतं, त्यातलं 63 टीएमसीच्या वर मृतसाठा, दाराच्या पातळीखालचं. धरणात पाणी असतं आणि कालव्याला येत नाही. मायनस, मायनस म्हणत आम्ही दर उन्हाळ्यात त्याचीच चर्चा करतो. असूनही न मिळणारं पाणी म्हणजे काय, हे माझ्याइतकं कुणाला कळायला हवं होतं?

त्याने थराची एक खपली माझ्या हातात दिली. "बोअरचं पाणी आहे ना गिझरला?" मी हो म्हटलं. "त्यानेच खाल्लंय सगळं. दरवर्षी उघडून साफ करायला पाहिजे होतं. आतला रॉडपण संपलाय, तो स्वतः झिजून टाकीला वाचवतो."

बोअरचं पाणी गिझरला मीच जोडून घेतलं होतं. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे निघाली, ती आमच्याच जिल्ह्यातून, कुर्डुवाडीवरून गेली. टीव्हीवर ते डबे बघून मी प्लंबरला बोलावलं आणि सांगितलं की उजनीचं पाणी फक्त पिण्याला आणि स्वयंपाकाला, बाकी सगळ्याला बोअर. पुढे दोन वर्षांनी गिझर घेतला तेव्हा त्यालाही तीच लाइन दिली. आमच्या काळ्या पाषाणातलं बोअरचं पाणी म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. तापवलं की ते विरघळलेले क्षार कार्बोनेट होऊन तळाला बसतात. साबणाला फेस न येणारं ते कठीण पाणी, हा धडा मी किती वर्षं पोरांकडून पाठ करून घेतला! पुढे सुनेने तिच्या ओळखीच्या प्रयोगशाळेतून पाणी तपासून आणलं. पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरमागे 200 मिलिग्रॅमच्या आत असावी आणि दुसरा इलाजच नसेल तर 600 पर्यंत चालते, असं भारतीय मानक सांगतं. आमचं 600 च्याही वर निघालं. पाणी वाचवण्याचा जो नियम मी घराला घालून दिला होता, त्यानेच गिझर आतून गिळला होता. आणि पाणी उधळल्याचा ठपका मी दुसऱ्याच्या मुलीवर ठेवला होता.

त्या दोन बादल्या तशाच होत्या. गिझरवाला सामान आणायला गेला. मी सुनेला म्हटलं, "जा, या पाण्याने आंघोळ करून घे." ती म्हणाली, "झालीय माझी, आई. सकाळीच." मग ती बादल्या उचलून मोरीकडे नेऊ लागली, त्यात चादरी भिजवायला. तेवढं पाणीही तिने वाया जाऊ दिलं नाही.

रात्री मुलगा आणि हे झोपल्यावर मी तिच्या खोलीत गेले. आमच्या पिढीच्या सासवांना क्षमा मागायची सवय नाही; आम्ही त्याऐवजी ताटात जास्तीचं वाढतो, साडी आणतो. मी तेवढ्यावर भागवणार होते. दारापर्यंत गेले आणि वाटलं, नाही, बोलावंच लागेल. म्हटलं, "मी तुझ्याबद्दल जे बोलले ते खोटं होतं. तू गार पाण्याने आंघोळ करतेस हे मला दिसलं होतं आणि मी तुला थांबवलं नाही." ती थोडा वेळ गप्प होती. मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ द्या आई. ती तसं म्हणाली नाही. म्हणाली, "गार पाण्याचं मला काही वाटलं नाही. मी दोनदा सांगितलं होतं गिझरचं. तुम्ही ते ऐकलंच नाहीत."

मग तिने तिच्या वाडीचं सांगितलं. जांभ्याचा सडा पाऊस धरत नाही. पडतो तेवढा समुद्राला जातो. फेब्रुवारी संपता संपता विहिरी खाली जायला लागतात, एप्रिल-मे महिन्यात वाडीला टँकर लागतो. शाळेत असताना ती आणि तिची आई डोंगराखालच्या झऱ्यावर पहाटे जायच्या. तिथे दगडात एक बारीकशी खोबण होती. करवंटीने पाणी भरायचं, हंडा भरला की दुसरीची पाळी. "आठवड्यातून दोनदा केस धुवायचे, तेही नंबर लावून," ती म्हणाली. "तुम्ही श्रावणात आलात ना आमच्याकडे. मे महिन्यात कुणी पाहुणे बोलावत नाही आम्ही."

वाटी आणि करवंटी. मी विहिरीचं माझं काही सांगितलं नाही. त्या रात्री मला तो हक्क वाटला नाही. नंतर एकदा सांगितलं.

नणंदेला मी फोन केला. हा फोन मला सगळ्यात जड गेला. सगळं सांगितलं, नळी, थर, दोन बादल्या. ती म्हणाली, "अगं, एवढं काय त्यात, घरोघरी चालतंच." मी पुन्हा सांगितलं की मी चुकीचं बोलले होते. ती म्हणाली, "बरं बरं," आणि तिच्या गुडघेदुखीवर आली. मी यात्रेच्या रात्री बोललेलं तिने मन लावून ऐकलं होतं. हे तिला ऐकायचं नव्हतं. आता पुढच्या लग्नात, बारशात कुणीतरी सुनेकडे बघून पाण्याचा विषय काढेल आणि तो माझ्या तोंडून निघालेला असेल. तो परत घेण्याचा रस्ता मला सापडलेला नाही.

गिझर नीट झाला. नवी नळी, नवा रॉड, कॉईल घासून बसवली. गरमी पंचावन्नच्या आसपास ठेवायला सांगितली त्याने. पाणी जास्त तापवलं की क्षारही जास्त बसतात. गिझरच्या लाइनला आम्ही आता हौदातलं उजनीचं पाणी जोडलं आहे. जोडायचं ठरलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता, खोटं कशाला बोलू. चार-पाच दिवस पुरवायचं असतं ते. पण तीन बादल्या लागतात, चौथी लागत नाही. पुरतं. हे आता सावकाश आंघोळ करतात आणि बाहेर येऊन गच्चीवर जात नाहीत. ती खपली मी खिडकीत ठेवली आहे, तुळशीच्या कुंडीशेजारी. परवा सुनेने विचारलं, टाकून देऊ का. मी म्हटलं, असू दे.

मी तिला सांगितलंय की घाई करू नकोस, डोक्यावरून घे सावकाश. एकदा नाही, चार-पाच वेळा सांगितलं. ती हो म्हणते. काल सकाळी मी स्वयंपाकघरात पीठ मळत होते, घड्याळाकडे पाठ होती. आत नळ सुटल्याचा आवाज आला. भाकरीचं पीठ अजून एकजीव झालं नव्हतं, तोच तो आवाज थांबला. कडी निघाली. "आई, बाबांना सांगा, पाणी आहे," तिने हाक मारली. मी वळले नाही, पण मला कळलं होतं. चार मिनिटंसुद्धा झाली नव्हती.